खड्डा नव्हता, खळगा होता

२८ सप्टेंबर १९३७, लोणावळा

डॉक्टर सांगून गेले, उठायचं नाही, वाचायचं नाही, डोक्याला त्रास करून घ्यायचा नाही. लिहायचं नाही असं म्हणायला ते विसरले. म्हणून लिहिते आहे.

काय झालं ते एकदाच सरळ लिहून टाकते, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही. हे ओव्हरसियर. नाणे खोऱ्याच्या रस्ता समितीने कामशेत ते वडिवळे रस्ता यांच्याकडे सोपवला आहे. त्या कामामुळे लोणावळ्याचं हे घर बंद ठेवून पावसाळाभर आमचं बिऱ्हाड वडिवळ्यालाच होतं. गौरी-गणपती आटोपले आणि मी पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याला माहेरी निघाले. कामशेत स्टेशनापर्यंत नथूची बैलगाडी ठरवली होती. हे सायकलवरून पुढे गेले. गाडीत मी आणि सोबतीला नथूची मावशी सरुबाई. पाऊस म्हणून गाडीला बांबूचा तट्ट्या होता, पुढे-मागे घोंगड्या बांधल्या होत्या, त्यामुळे बाहेरचं काही दिसत नव्हतं. अर्ध्या वाटेत गाडी धाडकन एका अंगाला बसली आणि उलटली. मी बाहेर फेकले गेले. कळल्यावर हे माघारी आले. संध्याकाळी वाटेवरच्याच एका घरात मुलगी झाली. सातवा महिना होता. ती रडली नाही.

माझ्या कोपरात खडी रुतली होती, ती सरुबाईने सुईने टोकरून काढली. कोपर भरत आलं आहे. बाकी काही भरलेलं नाही. आणि ज्याच्यामुळे हे झालं तो नथू तिकडे बैलांना वैरण घालत बसला असेल. कासरा त्याच्या हातात होता, माझ्या नव्हता.

१ ऑक्टोबर

शेजारच्या काकू समाचाराला आल्या. "अगं, तुझं वय ते काय! पुढल्या वर्षी पाळणा हलेल बघ." मी म्हटलं, "काकू, माझी वाटी हरवलेली नाही, दुसरी आणायला." त्यांनी पदर सावरला आणि उठून गेल्या. बरं झालं.

छातीला घट्ट पट्टा बांधला आहे तरी दूध येतं. माझ्या देहाला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

बाळाला कुठे ठेवलं, असं मी यांना विचारलं. म्हणाले, "आईने ते विचारायचं नसतं. तशी रीत आहे." ही रीत कुणी घातली? ज्याने घातली त्याला कधी पान्हा फुटला नसणार. पण यांचा चेहरा इतका ओढलेला दिसला की मी पुढे बोलले नाही.

५ ऑक्टोबर

फौजदाराने नथूचा जबाब घेतला. फिर्याद यांनी दुसऱ्याच दिवशी दिली होती, मला आज कळलं. हयगयीने गाडी हाकून बाईमाणसाला जबर दुखापत, अशी. तुरुंगात जाईल म्हणाले. जाऊ दे.

जबाबात नथू म्हणतो, "चाक खळग्यात गेलं." हे ते सांगताना जरा खूशच दिसले. "ऐकलंस? खळग्यात! रस्त्यात असतो तो खड्डा. खळगा म्हणजे रस्त्याबाहेरची सखल जागा, पाणी साचतं ती. म्हणजे गाडी रस्ता सोडून खाली उतरली. त्याच्याच तोंडाने कबूल केलं त्याने. डुलकी लागली असणार त्याला."

लग्नाआधी मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. मला शब्दांची चाड आहे. पुण्यात आम्ही रस्त्यातल्याला खड्डाच म्हणतो, आणि खळगी म्हटली तर ती पोटाची. तेव्हा हे म्हणतात ते बरोबरच असलं पाहिजे.

डुलकी! माझी मुलगी पोटात जागी होती, पाय मारत होती, आणि हा मेला पेंगत होता.

११ ऑक्टोबर

यांना झोप नाही. मी कूस बदलली की हेही जागेच असतात. विचारलं तर म्हणतात, "काही नाही, कामाचं." मार्गशीर्षात समितीची बैठक आहे. नोकरी कायम करायची की नाही ते तिथे ठरणार.

आज मुकादम महिपती आला होता. दोघे ओसरीवर बोलत होते, मला आत सगळं ऐकू येत होतं.

"वडिवळ्याच्या वाटेवरचे खळगे आधी भरून घे," हे म्हणाले. "बाकी सगळं राहू दे."

"सायेब, म्या आकाडातच म्हनलो व्हतो. तुमीच म्हनला, पाऊस सरू दे."

"आता सांगतोय ना? तारखेच्या आत झालं पाहिजे. वर मुरूम टाक आणि चांगला रूळ फिरव. जुनं काही दिसता कामा नये."

घरात एवढं दुःख, पण या माणसाची कामात कसूर नाही. आणि मी? दिवसभर पडून राहते आणि येईल जाईल त्याच्यावर खेकसते. मला माझीच लाज वाटली. संध्याकाळी यांच्यासाठी उठून भात टाकला.

१९ ऑक्टोबर

सरुबाई आली होती. वडिवळ्याहून कामशेतपर्यंत पायी आणि पुढे आगगाडीने. पदरात हातसडीचे तांदूळ बांधून आणले होते. हे घरी नव्हते ते बरं झालं, नाहीतर दारातूनच घालवली असती. मीही आधी तोंड फिरवलं. पण ती शेजारी बसली, माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि मला त्या घरातला तो धूर आठवला, तिने माझं डोकं मांडीवर घेतलं होतं ते आठवलं. मग घालवून देता येईना.

"बाय, नथ्याला सोडवा," ती म्हणाली. "त्याचा कायबी गुना न्हाई. पानी भरल्यालं, वरून कळतंय व्हय कुटं काय हाय त्ये? चाकच आत बसलं."

"रस्ता सोडून खाली कशाला गेला मग?"

"खाली कुटं? रस्त्यातच व्हता की खळगा. ढोपराएवढा."

मला असा राग आला! म्हटलं, "सरुबाई, रस्त्यात होता तर त्याने फौजदाराला खड्डा होता असं का नाही सांगितलं? खळगा काय म्हणून सांगितलं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "खड्डा कसा म्हनंल तो? कुनी खणला व्हता का?"

"म्हणजे काय?"

"आन् खड्ड्याचं तर नावबी काडायचा न्हाई तो. लय मनाला लावून घेतलंय त्यानं." एवढं बोलून तिने तोंडावर पदर धरला आणि एकदम उठलीच. "जाते मी, गाडी चुकंल."

शिकवून पाठवली असणार. साधी सरळ गोष्ट विचारली की ही माणसं शब्दांत गुंडाळून परत करतात. खळगा म्हणे, खड्डा म्हणे! तांदूळ मात्र ठेवून गेली. मी ते मोलकरणीला देऊन टाकले.

२ नोव्हेंबर

दिवाळी. काकूंनी फराळाचं ताट पाठवलं, मी परत पाठवलं. एवढ्या लहान जिवाचं सुतक नसतं म्हणाल्या. मग मला जे आहे ते काय आहे?

१० नोव्हेंबर

परवापासून हे मला साक्ष पढवत आहेत. शाळेत मी मुलींना पाठांतर द्यायची, तसं. "तू एवढंच म्हण, गाडी एकाएकी कडेला गेली आणि कलंडली."

"पण मला काही दिसत नव्हतं. घोंगड्या बांधलेल्या होत्या."

"दिसायला कशाला हवं? जाणवलं असेल."

"कडेला म्हणजे किती कडेला?"

"वासंती, तुला त्याला शिक्षा व्हायला हवी आहे की नको?"

हवी आहे. म्हणून ते वाक्य पाठ करायला लागले.

मग म्हणाले, "आणि खळगा हा शब्द तू उच्चारूच नकोस. उगाच घोळ होतो." का, ते विचारलं तर चिडले. इतके चिडले की हातातलं पाणी सांडलं. मी त्यांना असं कधी पाहिलं नाही. मीही चिडले. मला मराठी शिकवायला निघाले आहेत!

१६ नोव्हेंबर

आज वडगावला कोर्ट झालं. आजच लिहिते. उद्या हे माझं मलाच खरं वाटणार नाही.

खोलीत गर्दी होती. समितीचे दोघे सभासद पहिल्या बाकावर, हे त्यांच्या शेजारी. नथू समोर उभा. मी त्याला त्या दिवसानंतर आज पहिल्यांदाच पाहिलं. पागोटं काढून हातात धरलं होतं. त्याला वकील नव्हता. माझी साक्ष व्हायची होती, त्याआधी मॅजिस्ट्रेटांनी त्यालाच विचारायला सुरुवात केली. माणूस पुण्याकडचा, आवाज शांत.

"गाडी कशाने उलटली?"

"खळग्यात चाक गेलं जी."

"रस्त्यात खड्डा होता का?"

"न्हाई जी. खड्डा नव्हता."

समितीतले एक गृहस्थ हसले. यांनी मान डोलावली. मलाही, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. संपलं, म्हटलं.

मॅजिस्ट्रेटांनी लेखणी खाली ठेवली. "खड्डा नव्हता, पण खळगा होता. दोन्हीत फरक काय?"

"फरक हाय की सायेब. खड्डा मानूस खणतो. खळगा आपसूक पडतो. पान्यानं, चाकानं."

"म्हणजे रस्त्यात कुणी खड्डा खणलेला नव्हता, असं तुझं म्हणणं?"

"व्हय जी. रस्त्यात न्हाई."

"मग कुठे? त्या दिवशी कुणी खड्डा खणला होता का?"

नथू हातातलं पागोटं फिरवत राहिला. साहेबांनी पुन्हा विचारलं. तो हळू म्हणाला, "खणला जी. म्याच खणला."

एकदम गलका झाला. फिर्यादीचे वकील उठून उभे राहिले. आरोपीने रस्ता खणल्याचं स्वतःच कबूल केलं आहे, त्याची नोंद व्हावी, म्हणाले. मॅजिस्ट्रेटांनी हात वर केला आणि नथूला विचारलं, "कुठे खणलास? कशासाठी?"

तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग खाली बघून म्हणाला, "त्ये सांगाया येनार न्हाई सायेब. बाईसायेब हितं बसल्यात. तसं ठरलंय."

"नाही सांगितलंस तर तुझ्यावर येईल हे."

"यिऊ द्या जी."

मला अजून कळलं नव्हतं. मी यांच्याकडे पाहिलं, हा काय बडबडतो म्हणून. हे मान खाली घालून बसले होते. बाकाची कड अशी धरली होती की बोटं पांढरी पडली होती. आणि मला कळलं. आपल्याकडे माणूस त्या दिवशी, त्या संध्याकाळी, दुसरा कुठला खड्डा खणणार होता? लहान जिवाला जाळत नाहीत.

यांना ते पहिल्यापासून ठाऊक होतं. नथू तिथे उभा राहून स्वतःच्या गळ्यात धोंडा बांधून घेत होता आणि हे शेजारच्या बाकावर बसून ऐकत होते.

मला बोलावलं. वकिलांनी विचारलं, "बाई, गाडी कडेला गेली आणि कलंडली, बरोबर?"

मी म्हटलं, "मला दिसत नव्हतं. पण मी पडले ती खडीवर पडले. माझ्या कोपरात ती रुतली होती. कडेला भाताची खाचरं आहेत, तिथे पडले असते तर चिखलात पडले असते. गाडी रस्त्यातच होती."

"म्हणजे रस्त्यात खड्डा होता असं आपलं म्हणणं आहे?"

"खड्डा नव्हता. खळगा होता. आमच्या घरीसुद्धा त्याला खळगाच म्हणतात. मुकादमाला ते आधी भरून घ्यायला सांगितलं, तेव्हा यजमानांनी तोच शब्द वापरला. मी कानांनी ऐकला. आणि नथूने खड्डा कुणासाठी खणला ते यजमानांनाच विचारा. तो सांगणार नाही, त्याला माझी दया येते."

मॅजिस्ट्रेट म्हणाले, "त्र्यंबकराव?"

हे उठले. मग म्हणाले, "मुलीसाठी. मीच त्याला सांगितलं होतं."

संध्याकाळी माझी मुलगी ज्याच्या हातात दिली, त्याच्यावर सकाळी उठून फिर्याद! मी नवऱ्याचं नाव कधी घेत नाही, आज तर घ्यावंसंही वाटत नाही.

१७ नोव्हेंबर

हे म्हणतात, "नोकरी गेली तर खायचं काय? मी आपल्यासाठीच केलं." आपल्यासाठी! मी विचारलं, आषाढात महिपती सांगत होता तेव्हा का नाही भरलात? तर म्हणाले, मुरूम नव्हता, माणसं लावणीला गेली होती, समितीला बैठकीआधी नवा खर्च नको होता. सगळी कारणं खरी असतील. त्या खळग्यापाशी सायकल वळवून घेत हे रोज जात-येत होते, हेही खरंच ना? आणि त्याच वाटेने मला गाडीत बसवून दिलं.

मी म्हटलं, "मला सांगायचं तरी. सायकल वळते, गाडी वळत नाही, एवढं तरी नथूला सांगायचं."

ते उठून ओसरीवर गेले.

मला स्वतःचाही राग येतो आहे. यांना महिपतीशी बोलताना ऐकलं होतं मी. शब्दांची चाड आहे म्हणे! खळगा हा शब्द माझ्याच घरात, माझ्याच नवऱ्याच्या तोंडून ऐकला आणि त्यांच्यासाठी भात टाकायला उठले.

२२ नोव्हेंबर

नथू सुटला. सरुबाईचा निरोप आला कामशेतच्या वाण्याबरोबर. निरोपात दुसरं काही नाही.

समितीने यांना बोलावलं आहे. मला त्याचं काही वाटत नाही. वाटायला हवं, असं काकू म्हणतात.

२५ नोव्हेंबर

सकाळच्या गाडीने एकटी कामशेतला गेले. नथू स्टेशनाबाहेर भाडं बघत उभा होता. मला पाहून त्याने पागोटं सारखं केलं आणि दुसरीकडे बघायला लागला.

"नथू, मला तिथे घेऊन चल."

"कुटं बाईसायेब?"

"तुला माहीत आहे कुठे."

"मालक काय म्हन्तील? आईनं जायाचं नसतंया."

"मालकांचं मी बघेन. आणि जायचं नसतं असं मला आता कुणी सांगायचं नाही."

त्याने गाडीत पेंढा पसरला, वर घोंगडी घातली. वाटभर बैलांवरही ओरडला नाही. भात कापून झालं होतं. अर्ध्या वाटेवर नव्या मुरमाचा लालभडक पट्टा आला. गाडी त्यावरून लोण्यावरून गेल्यासारखी गेली. इतका राग आला की मी तट्ट्यावर मूठ आपटली. नथू म्हणाला, "व्हय बाईसायेब. आता लय ग्वाड झालाय रस्ता."

नदीच्या अलीकडे करंजाची झाडं आहेत. एका झाडाखाली तो थांबला आणि बोटाने दाखवून मागे सरला. वर दगड रचलेले होते, कोल्ह्याकुत्र्याने उकरू नये म्हणून. पण दगड एका बाजूला घसरले होते आणि माती मधोमध दबली होती. वाळकी पानं साचली होती त्यात.

"मागनं पाऊस झाला त्यात माती बसली," नथू म्हणाला. "खळगा पडलाय. म्या येनार व्हतो भराया, पर पोलिसांनी गावाबाहीर जाऊ दिलं न्हाई. तुमी सरा, म्या घालतो माती."

"नको. दगड तेवढे उचल. माती मी घालते."

त्याने दगड बाजूला केले. मी पानं काढली आणि बसून ओंजळीने माती घातली. माती ओली नव्हती, सैलही नव्हती, नखांनी उकरावी लागली. खळगा लहानसाच होता. एवढासाच होता. नथू पाठमोरा उभा राहिला. शेवटी दोघांनी मिळून दगड पुन्हा नीट रचले. त्याने भाडं घेतलं नाही. मी आग्रह केला नाही.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. हे ओसरीवर बसले होते, समितीपुढे जाऊन आलेले. काय ठरलं ते मी विचारलं नाही. त्यांनीच विचारलं, "दिवसभर कुठे होतीस? हात कशाने भरले आहेत?"

"खळगा भरायला गेले होते."

ते एकदम ताठ झाले. "कुठला खळगा? आता कुठे पडलाय?"

"घाबरू नका," मी म्हटलं. "तुमच्या रस्त्यातला नव्हता."

मग त्यांना कळलं. त्या दिवसापासून एकदाही रडले नव्हते, ते आज रडले. मला ते ऐकवेना, आणि त्यांना थांबवावंसंही वाटेना.